खान्देशच्या माळावर पूर्वी जंगल होते का?

दर पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांतून एक विधान हमखास ऐकू येते : खान्देशात पूर्वी घनदाट जंगल होते, माणसाने ते तोडले आणि म्हणून आज हा उघडा माळ उरला. सातपुड्याच्या उतारांबाबत यात बरेच तथ्य आहे. पण धुळे, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या मैदानी टापूबाबत ते मला कधीच पटलेले नाही. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. मात्र याच मातीत वाढल्यामुळे आणि इथल्या पुरातत्त्वावर व भूगोलावर जे हाती लागेल ते वाचत आल्यामुळे माझे असे मत झाले आहे की, हा माळ कुऱ्हाडीपेक्षा पुष्कळ जुना आहे. कुऱ्हाडीने, नांगराने आणि गुरांनी त्याचे रूप मात्र वारंवार पालटले.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, असा हा प्रदेश आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि मैदानाच्या वाट्याला उरलासुरला पाऊस येतो. नवापूर-अक्कलकुव्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, तर धुळे-अमळनेरच्या पट्ट्यात तो साधारण ५०० ते ७०० मिलिमीटरवर थांबतो. तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. हा आकडा महत्त्वाचा आहे. महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील शेकडो ठिकाणांच्या नोंदी तपासून २००५ साली असे दाखवले की, वर्षाचा पाऊस सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर झाडांच्या माथ्यांचे सलग छत तयार होणे पाण्याअभावीच अवघड होते आणि झाडे व गवत एकत्र नांदतात. पाऊस त्याहून जास्त असेल, तर मात्र माळ उघडा राहण्यासाठी वणवा किंवा चराई यांचा हातभार लागतो. आफ्रिकेची मोजपट्टी जशीच्या तशी आपल्याकडे लावता येणार नाही, हे मान्य. तरीही खान्देशचे मैदान नेमके या सीमारेषेवर बसलेले आहे आणि सातपुडा तिच्या वर आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुढचा बराच इतिहास उलगडत जातो. त्यात काळ्या जमिनीचा स्वभाव वेगळाच आहे. ती पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात हातभर खोल भेगाळते. त्या भेगांत कोवळ्या रोपांची मुळे तुटतात, गवताच्या गड्ड्याला मात्र फारशी इजा होत नाही.

आता मागे, हिमयुगाकडे जाऊ. हिमयुग म्हटले की डोळ्यांसमोर बर्फ येते, पण शेवटच्या हिमयुगात खान्देशात बर्फ नव्हते. इथे हिमयुग आले ते दुष्काळाच्या रूपाने. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धातील हिमस्तर सर्वाधिक पसरलेले होते, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली गेली होती, आशिया खंड उन्हाळ्यात पुरेसा तापत नव्हता आणि त्यामुळे समुद्राकडून जमिनीकडे वारे खेचून आणणारी मोसमी यंत्रणाच दुबळी पडली होती. त्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणही दहा लाख भागांत १८० ते १९० भाग इतकेच होते. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवतांची अन्न तयार करण्याची पद्धत अशी आहे की त्यांचे एवढ्यावर भागते. झाडांची मात्र उपासमार होते. पाऊस कमी आणि हवाही गवताच्या बाजूची, अशा परिस्थितीत तापीच्या खोऱ्यात अरण्य असण्याचा संभव फारच कमी होता.

याचा हाती धरून पाहता येईल असा पुरावा खान्देशातच सापडलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी उत्खनन केले, तेव्हा उत्तर पुराश्मयुगाच्या, म्हणजे जुन्या अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्याच्या, थरात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यांतले काही तुकडे घासून मणी केलेले होते आणि एका तुकड्यावर आडव्या पट्ट्यांत कोरीव रेघांची नक्षी होती. रेडिओकार्बन पद्धतीने त्या कवचाचे वय सुमारे २५,००० वर्षे निघाले. शहामृग हा दाट झाडीत राहणारा पक्षी नाही. त्याला दूरवर नजर पोचेल असे मोकळे, विरळ झाडांचे माळरान लागते. म्हणजे गौताळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी, जिथे आज पाटणादेवीचे हिरवे रान पाहायला आपण जातो, तिथे त्या काळी शहामृगे धावत होती. (जाता जाता सांगायचे तर, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेखही याच पाटणचा आहे. एका गावाला एवढे भाग्य पुरे.)

सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपले आणि चित्र उलटले. पृथ्वी आज जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते. पण त्या काळी ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात जवळ येत असे. त्यामुळे भारतीय उपखंड अधिक तापला, मोसमी वारे बळावले आणि पुढची काही हजार वर्षे पाऊस आजच्यापेक्षा जास्त होता. नद्यांनी याची नोंद आपल्या काठांवर करून ठेवली आहे. शरद राजगुरू आणि विश्वास काळे यांनी दख्खनच्या वायव्य भागातील नद्यांच्या गाळाचा अभ्यास करून १९८७ साली असे मांडले की, हिमयुगाच्या उत्तरार्धात पाण्याला जोर नसल्यामुळे नद्या गाळ साठवत राहिल्या आणि पावसाने उचल खाल्ल्यावर त्याच नद्यांनी तो गाळ कापून आपली पात्रे खोल केली. तापीच्या दोन्ही बाजूंच्या उंच दरडी आणि नाल्यांनी फाडलेली गाळाची जमीन पाहताना मला हे नेहमी आठवते, अर्थात तापीच्या बाबतीत भूपृष्ठाच्या हालचालींचाही त्यात मोठा वाटा आहे. या दरडींचा परिणाम शेतीवर थेट झाला. तापीचे पाणी इतके खाली की ते शेतात चढवणे जुन्या साधनांनी शक्य नव्हते. म्हणून आपल्याकडची पारंपरिक सिंचनव्यवस्था, म्हणजे बंधारे, पाट आणि फड पद्धत (पाटाचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची रीत), पांझरेसारख्या लहान नद्यांवर वाढली आणि तापीकाठ कोरडवाहू राहिला.

त्या ओल्या काळात सातपुड्यावर आणि अजिंठ्याच्या रांगेत साग, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी यांची पानझडी वने घट्ट झाली असणार आणि नद्यांच्या काठाने झाडीचे पट्टे मैदानात उतरले असणार, असे मानायला हरकत नाही. ‘पूर्वी इथे जंगल होते’ या वाक्याला जर कुठला काळ द्यायचाच असेल, तर तो हाच. पण तो टिकला नाही, आणि तो संपवण्यासाठी माणसाची गरज पडली नाही. खान्देशच्या आग्नेयेला, बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभात जवळजवळ संपूर्ण हिमयुगोत्तर काळाची नोंद आहे. त्या अभ्यासातून असे दिसले की, सुरुवातीच्या चांगल्या पावसानंतर मोसमी पाऊस हळूहळू घटत गेला आणि दोन काळ विशेष कोरडे गेले : एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

यांतल्या पहिल्या काळापाशी थोडे थांबायला हवे. तापीच्या खोऱ्यातील पहिली शेतकरी गावे सावळदा संस्कृतीची मानली जातात आणि त्यांचा काळ साधारण इसवी सनपूर्व २००० च्या आसपासचा, म्हणजे आजपासून सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा आहे. धुळे जिल्ह्यातील कवठे, तापीकाठचे सावळदे, गिरणेकाठचे बहाळ, तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे ही सगळी स्थळे ताम्रपाषाणयुगातील आहेत. प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५५ साली केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासून लोहयुगापर्यंत आणि पुढेही वस्तीचे थर मिळाले. म्हणजे पाऊस घटून झाडी विरळ होण्याचा आणि शेतकरी व गुराखी या खोऱ्यात स्थिरावण्याचा काळ जवळपास एकच आहे. इथेच सगळा घोळ होतो. गाळात गवताच्या अवशेषांचे प्रमाण वाढलेले दिसले, तर ते पावसाने वाढवले की माणसाने लावलेल्या आगीने, हे वेगळे काढणे कठीण जाते, कारण दोन्ही कारणे एकाच दिशेने ढकलत होती. माझा कौल असा आहे की, मैदानात हवामानाने रान मोकळे केले आणि माणूस मोकळ्या रानात आला. तांब्याची मोजकी हत्यारे आणि दगडी पाती घेऊन सबंध खोऱ्यातले अरण्य तोडणे त्या लहानशा वस्त्यांच्या आवाक्यातले नव्हते. त्यांनी नदीकाठच्या सपाट गाळाच्या जागा निवडल्या आणि शेजारच्या गवतावर गुरे वाढवली.

मात्र एकदा आल्यावर माणसाने गवताची बाजू घेतली, हेही तितकेच खरे. वाळलेले गवत फाल्गुन-चैत्रात पेटवले की पावसाच्या पहिल्या सरींबरोबर कोवळा चारा फुटतो, हे ज्ञान गुराख्यांकडे फार जुने आहे. अशा वणव्यात जाड सालीची आणि मुळातून पुन्हा फुटणारी झाडे टिकतात. पातळ सालीची रोपे मरतात. पळस, साग, सालई, टेंभुर्णी ही आपल्या रानातली नेहमीची नावे पाहिली, तर ती बहुतेक वणवा पचवणाऱ्या झाडांची आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकात लोखंड आल्यावर खोल काळ्या जमिनी नांगराखाली येऊ लागल्या आणि मैदानातले सर्वांत कसदार गवत प्रथम गेले. अहिर, ठेलारी यांच्यासारखे पशुपालक समाज या प्रदेशात रुजले आणि टिकले, ते इथे चराईला जागा होती म्हणून.

डोंगरात भिल्ल, पावरा, मावची, तडवी, कोकणा या समाजांनी वनाशी केलेला व्यवहार वेगळा होता. फिरती शेती करताना रान साफ केले जाई, पण मोह, चार, आंबा सहसा राखले जात, कारण फुले, चारोळी आणि फळे पोटाला आधार देत. पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड होत गेली, तर कोणत्याही वनाची रचना बदलते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या उतारांवर जागोजाग दिसणारे मोठाले मोह पाहून ‘निसर्गाची कृपा’ म्हणण्याचा मोह होतो. त्यात कित्येक पिढ्यांच्या राखणीचाही भाग आहे.

मध्ययुगात मैदान चांगले कसलेले होते. फारुकी सुलतानांच्या काळात थाळनेर आणि बऱ्हाणपूर ही भरभराटीची ठिकाणे होती, आणि अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यानंतर ‘आइन-इ-अकबरी’त जोडल्या गेलेल्या वर्णनात इथल्या ज्वारीची वाखाणणी आढळते. ज्या प्रदेशाची ओळख ज्वारी आणि कापूस अशी होती, तिथे मैदानात महावृक्षांचे अरण्य उभे होते असे मानणे मला जड जाते.

मग ‘घनदाट जंगल’ ही स्मृती आली कुठून? मला वाटते, तिचा एक मोठा झरा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आहे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खान्देश लुटला, त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला, पेंढाऱ्यांचा उच्छाद चालूच होता आणि गावेच्या गावे ओस पडली. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख ताब्यात घेतला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज आणि त्याच्या नंतरच्या अधिकाऱ्यांनी जे पाहिले, ते होते सोडून दिलेल्या शेतांवर माजलेले रान, त्यात वावरणारे वाघ आणि त्या रानाच्या आश्रयाने लढणारे भिल्ल. काळ्या जमिनीत पंधरा-सोळा वर्षे नांगर पडला नाही, तर बाभूळ, बोर, हिवर आणि पळस यांची माणूस शिरणार नाही इतकी गच्च झुडपे सहज होतात. ते जंगल खरे होते, वाघही खरे होते. पण ते आदिम अरण्य नव्हते, तर वयाने जेमतेम एका पिढीचे होते. पुढे कागदोपत्री हेच दृश्य ‘मूळ’ ठरले. इंग्रजांना ते रान महसुलाच्या आणि बंदोबस्ताच्या आड येत होते. म्हणून एकीकडे १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली आणि दुसरीकडे लागवडीला सवलती देऊन झाडी हटवली गेली.

खरी मोठी तोड त्यानंतरची आहे, आणि ती डोंगराच्या बाजूची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि गवताळ पडीक जमिनी झपाट्याने कापसाखाली गेल्या. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली; तिला लाकूड हवे होते, वाढत्या शहरांना इमारती लाकूड आणि जळण हवे होते. १८७८ च्या वन कायद्याने सातपुड्यातले वन राखीव झाले, म्हणजे ज्यांनी मोह राखले त्यांच्या हक्कांवर मर्यादा आल्या आणि सागाचे मोल वाढले. वणव्यांवर बंदी, ठरावीक फेऱ्यांनी तोड आणि सागाला झुकते माप, या तिन्हींनी मिळून वनाचा पोत बदलला.

गवताचा बाजार मात्र त्या काळातही चांगला होता, हे आज विसरले गेले आहे. पिंपळनेर आणि नंदुरबारच्या बाजूला रोशा गवतापासून भट्टीवर तेल काढत. रोशाचे हे तेल मुंबईमार्गे परदेशी जाई आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. ज्या माळाला आपण ‘ओसाड’ म्हणतो, त्याच्या गवताने परदेशातली अत्तरे सुगंधित केली, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटते.

गेल्या शंभर-दीडशे वर्षांत आलेले पाहुणे तर सर्वांच्या परिचयाचे आहेत : घाणेरी, वेडी बाभूळ, गाजर गवत. हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पाय रोवायला त्यांना मोडलेले, खरवडलेले रान लागते आणि ते आम्ही मुबलक पुरवले. रावेर-यावलकडची केळी हे त्याहून मोठे परिवर्तन आहे. ५०० ते ७०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात बारमाही पाण्याचे पीक उभे राहिले, ते सातपुड्याच्या पायथ्याशी साठलेल्या जाड गाळातील भूजलावर. हिमयुगापासून आजवर इथे काय उगवेल हे आकाशातला पाऊस ठरवत होता. आता कूपनलिका ठरवते. ठिबकने पाण्याची बचत होते खरी, पण त्या बचतीतून क्षेत्र वाढले तर पातळी खालीच जाते, आणि तेच होत आले आहे.

तेव्हा झाडे लावू नयेत का? साक्री तालुक्याच्या पश्चिमेला बारीपाड्यात चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी १९९०च्या दशकापासून अकराशे एकरांच्या आसपास वन राखून परत आणले. त्यासाठी पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथे ते जमले, याचे श्रेय अर्थातच गावाच्या शिस्तीला आहे, पण तिथला डोंगराळ उतार आणि चांगला पाऊसही त्यांच्या बाजूने होता. मुळे जमिनीत जिवंत होती, चराई आणि तोड थांबताच ती फुटली. धुळ्याजवळच्या लळिंग कुरणात तोच प्रयोग केला, तर निकाल वेगळा येईल. १९७३ साली डबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातील गवताळ प्रदेशांचे जे वर्गीकरण केले, त्यात आपला हा सबंध पट्टा पवना आणि मारवेल यांच्या गटात येतो. अतिचराई झाली की ही रसाळ बहुवर्षायू गवते मागे पडतात, कुसळी वाढते आणि शेवटी निकृष्ट वर्षायू गवते उरतात.

म्हणून मैदानातल्या गायरानावर जेसीबीने खड्डे घेऊन नीलगिरी किंवा गिरिपुष्पाच्या रांगा लावण्याला माझा विरोध आहे. त्या खड्ड्यांत जुन्या गवताचे गड्डे उपटले जातात आणि दोन उन्हाळ्यांनंतर बहुतेक रोपेही मरतात. त्याऐवजी गायरानाचा एक तुकडा दोन-तीन पावसाळे चराईबंद ठेवावा, गवत विळ्याने कापून न्यावे, मारवेल विरळ झाला असेल तिथे त्याची ठोंबे लावावीत, आणि झाडे हवीच असतील तर मुरमाड उतारावर अंजन, काळ्या जमिनीच्या बांधाला बाभूळ व निंब, नाल्याच्या काठाला करंज अशी जागा पाहून, विरळ लावावीत. अंजन हळू वाढतो, त्यामुळे उद्‌घाटनाच्या फोटोत तो शोभत नाही; पण खडकाळ जमिनीत, एवढ्या पावसात तो तग धरतो आणि दुष्काळात त्याचा पाला गुरांच्या कामी येतो.